दगड हिल्ले

मला गोंडी येते असं मी एकदा बोलून गेले आणि त्या थापेपायी एका बाईच्या पायाची दोन बोटं गेली. घरात हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. माझ्या सुनांना वाटतं, सासूबाई पहिल्यापासून सरळ, शिस्तीच्या, मास्तरीण. कसली सरळ! सतराव्या वर्षी माझ्याइतकी बनेल पोरगी अख्ख्या ब्रह्मपुरीत शोधून सापडली नसती. आता गुडघे कुरकुरतात, नातू लिहायला टेबल देतो, चष्मा पुसून देतो आणि ‘आजी, तुझ्या रस्त्याची गोष्ट लिही’ म्हणतो. त्याला वाटतं गोष्ट रस्त्याची आहे. लिहिते बापा, पण जशी झाली तशीच लिहीन.

आमचं घर बाजाराच्या वाटेवर होतं. पहाटे जाग यायची ती मायच्या मुसळाच्या आवाजानं. ती उखळात धान कांडायची, शेजारची एक बाई समोरून मुसळ मारायची आणि दोघींचे घाव एकमेकींत इतके बेमालूम बसायचे की एकीचा चुकला तर मी अंथरुणात दचकून उठायचे. जेवायला भात, सकाळी भात, रात्री भात; त्यावर लाखोळीची डाळ, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. बाबा पोस्टात होते. त्यांचं बोलणं मोजकं, शिक्का मारल्यासारखं. माझ्या लग्नाचं त्यांनी मनावर घेतलं होतं, पण मी मास्तरकीच्या ट्रेनिंगला जायचं म्हणून दोन दिवस जेवले नव्हते, तेव्हा मायनं मधे पडून मला तिकडं घातलं होतं. हे ट्रेनिंग म्हणजे माझा जीव होता. ते सुटलं की मी धानाच्या कोठीसारखी कोणाच्या तरी घरात नेऊन ठेवली जाणार, हे मला पक्कं माहीत होतं.

बाजाराच्या दिवशी जंगलातल्या गोंड बाया चारोळी, डिंक, पत्रावळी घेऊन यायच्या आणि आमच्या परसात चिंचेखाली टेकायच्या. माय त्यांना पाणी द्यायची, उरलेली पेज द्यायची. मी त्यांच्याजवळ जाऊन बसायचे. पाण्याला येर म्हणतात, आंबिलीला जावा म्हणतात, ये म्हणायचं तर वा, हे मी तिथंच शिकले. पाचपर्यंत आकडेही शिकले. एवढीच माझी गोंडी. तोंडात मावेल तेवढी.

त्या थंडीत एक गुरुजी आमच्याकडं जेवायला आले. बाबांच्या ओळखीचे, खादीतले, आवाज मोठा पण मन साफ. ते श्रमदानाची शिबिरं भरवायचे. त्या वेळी श्रमदानाचं वारं असं काही सुटलं होतं की शाळेतली पोरं सुट्टीत कुदळ-फावडं घेऊन निघायची. गुरुजी भात कालवता कालवता सांगत होते, गडचिरोलीच्या पुढं डोंगरात कोसमटोला म्हणून गाव आहे, पावसाळ्यात त्याचा जगाशी संबंध तुटतो, आजारी माणूस बाजेवर घालून डोंगर उतरवावा लागतो. तिथं बैलगाडी चढेल असा रस्ता काढायचा. पोरं मिळाली, हत्यारं मिळाली. “पंचाईत बोलण्याची आहे,” ते म्हणाले. “गावातला मराठी येणारा एकच माणूस, तो बांबू तोडायला गेला आहे. आम्ही काय हातवारे करत रस्ता बांधायचा?”

मी वाढत होते. तोंडातून निघून गेलं, “मले येते गोंडी.”

बाबांनी मान वर केली. गुरुजी म्हणाले, “तुला? म्हण पाहू काही.” मी भाताचं भांडं हातात धरून, ताठ उभी राहून, शाळेत कविता म्हणतात तसं म्हटलं, “उंदी, रंड, मुंद, नालुंग, सयुंग.” आणि वर जोडून दिलं, “येर, जावा, वा.” गुरुजींचे डोळे चमकले. त्यांना काय माहीत की मी पाचपर्यंत मोजून पाणी मागितलं होतं! माय चुलीपुढून माझ्याकडं पाहत होती. तिला सगळं कळलं होतं, पण ती बोलली नाही. गुरुजींची बायको शिबिरात स्वयंपाकाला असणार होती, मी तिच्याजवळ झोपेन, असं ठरलं. बाबांनी तेवढ्यात आपला शिक्का मारलाच: “गुरुजींची एक जरी तक्रार आली, तं ट्रेनिंग बंद. मंग मी सांगीन त्या घरी जाचं.”

डोंग्यातून वैनगंगा ओलांडली, मोटरनं गडचिरोली गाठली आणि पुढं दीड दिवस बैलगाडी. डोंगर दिसायला लागला. गाडीच्या चाकाच्या तालावर मी ‘उंदी, रंड’ घोकत होते, जसं काही सहाव्या आकड्यापाशी देव उभा राहून पुढची भाषा देणार होता.

पहिले चार दिवस मी तारून नेले. कसे नेले ते माझं मलाच ठाऊक. हात, डोळे, जमिनीवर काडीनं काढलेली चित्रं आणि मधे एखादं ‘वा’ पेरायचं. पोरांना वाटायचं काय फाडफाड बोलते! गावातला जाणता माणूस चैतूभाऊ, साठीचा, काटक, कमरेला कोयता. त्याला बाजारापुरती मराठी यायची आणि मला परसापुरती गोंडी. दोन्हीची गाठ घालून आमचं काम चालायचं. एकदा एक लेकरू माझ्या डब्यात हात घालायला लागलं, मी “नाई, नाई!” म्हटलं, तर ते मागं वळून कुत्रं शोधायला लागलं. बाया खदखदून हसल्या. त्यांच्यात कुत्र्याला नय म्हणतात, हे चैतूभाऊनं मला भुंकून दाखवलं. मीही हसले. आता वाटतं, तेव्हाच विचारायचं होतं ना गं, मग तुमचं ‘नाही’ म्हणजे काय! पण जिला सगळं येतं ती विचारणार कशी?

कामाची पद्धत अशी होती. डोंगराच्या उतारावर रस्त्याची आखणी, आणि आखणीत आलेले धोंडे सब्बलींनी, म्हणजे लोखंडी पहारींनी, उचकटून खाली नाल्यात ढकलायचे. नाल्याच्या काठानं गावाची पायवाट होती. म्हणून खाली वळणावर चैतूभाऊ उभा राहायचा, वर गुरुजी आणि पोरं, आणि दोघांचा आवाज एकमेकांना पोचायचा नाही म्हणून मधे एका खडकावर मी. धोंडा ढिला झाला की नारायण नावाचा एक दांडगा पोरगा ओरडायचा, “हिल्ला रे हिल्ला!” आमच्याकडं हलला याला हिल्ला म्हणतात. मग मी खाली हाक द्यायचे, “रस्ता मोकळा?” खालून चैतूभाऊ म्हणायचा, “हव!” मी वर सांगायचे, “हव!” आणि धोंडा सुटायचा. चार दिवस त्यानं ‘हव’ सोडून दुसरं काही म्हटलं नाही, कारण चार दिवस वाट मोकळीच होती. बाया दुपारी ऊन डोक्यावर आल्यावर आंबील घेऊन यायच्या, तोवर आमचे धोंडे पाडून झालेले असायचे. वाट मोकळी नसली तर त्यानं काय म्हणायचं, हे ठरवून द्यायचं काम माझं होतं. गुरुजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “त्याला दोन्ही शब्द नीट समजावून दे.” मी म्हटलं, “दिले.” एकच दिला होता. दुसरा मलाच येत नव्हता आणि मराठीतला शिकवला तर माझी गोंडी उघडी पडते, ही भीती.

पाचव्या दिवशी तीन धोंडे एकात एक अडकलेले निघाले. मोठ्यातला एक तर आमच्या घरच्या कोठीएवढा. सकाळपासून आठ पोरं सब्बली लावून बसली होती, पण वरून धोंड्यांची बुडं दिसेनात. हलतात की नाही ते खालूनच कळणार. गुरुजी घामाघूम झाले होते. ते वरून ओरडले, “पोरी, विचार त्याला, रस्ता मोकळा आहे का, आणि खालून दगड हिल्लेले दिसतात का!”

मी दोन्ही प्रश्न एका श्वासात खाली फेकले. “रस्ता मोकळा? दगड हिल्ले का?”

त्या दिवशी चैतूभाऊची सून मैनी लवकर निघाली होती. तिला बाजाराला जायचं होतं, म्हणून आंबिलीचं मडकं आधी पोचवून द्यावं असं तिनं ठरवलं. मला हे काही दिसत नव्हतं. मधे झाडी होती. चैतूभाऊला मात्र ती वळणावरून येताना दिसली. त्याला माझा पहिला प्रश्न कळला, दुसरा कळला नाही. तो दोन्ही हात वर करून जीव खाऊन ओरडला, “हिल्ले! हिल्ले!”

मी वर तोंड करून ओरडले, “हिल्ले म्हन्ते! दगड हिल्ले!”

वर पोरांनी एकच गलका केला. नारायण म्हणाला, “लावा जोर! हिल्ले!” आठ सब्बली एकदम दबल्या. खालून पुन्हा आवाज आला, “हिल्ले! हिल्ले! हिल्ले!” आणि मी, देवा, मी तो आवाज पुन्हा वर पोचवला. तीनदा ऐकला आणि तीनदा पोचवला. मग जमीन हादरली. तिन्ही धोंडे माझ्या डाव्या हाताला पाच-सहा पावलांवरून गेले, मागं मुरमाचा लोट, झुडपं कडाकडा मोडत होती. त्या मोडलेल्या झुडपांतून मला खालची वाट दिसली आणि वाटेवर मडकं घेतलेली बाई दिसली.

चैतूभाऊ तिच्याकडं पळत होता. मी ओरडले की नाही आठवत नाही. मोठे दोन्ही धोंडे वाटेच्या अलीकडं आपटून नाल्यात गेले. तिसरा, लहान, उसळला. मैनीनं मडकं टाकलं आणि एका जाड ऐनाच्या बुंध्यामागं अंग झोकलं. अंग वाचलं. पाय बाहेर राहिला.

मी उतारावरून घसरत, खरचटत खाली गेले. वाटेवर आंबील पसरली होती, खापऱ्या पडल्या होत्या, आणि मैनी झाडाला पाठ लावून बसली होती. ती रडत नव्हती. चैतूभाऊनं तिचा पाय दोन्ही हातांत धरला होता आणि तो वर, आमच्या दिशेनं पाहत होता. त्याच्या तोंडावर राग नव्हता. त्याला काही कळतच नव्हतं, माणसं अशी कशी असू शकतात हेच त्याला कळत नव्हतं.

गुरुजींची बायको, आम्ही तिला काकू म्हणायचो, पदर फाडत आली. तिला मलमपट्टी यायची. गरम पाण्यानं रक्त धुतलं तेव्हा अंगठ्याजवळची दोन बोटं पार चेचलेली दिसली. काकू मला म्हणाली, “विचार बरं इले, बोटात जीव लागून राह्यला का?” मला कुठलं विचारता येतंय! मी नुसतं एक बोट हलकेच दाबलं आणि तिच्या तोंडाकडं पाहिलं. मैनी मान हलवून म्हणाली, “हिल्ले.” मी दुसरं दाबलं. “हिल्ले.” तिसऱ्याला ती कळवळली.

काकू चिडून म्हणाली, “हिल्ले काय म्हन्ते वो हे? बोट त जागचं हिल्लं नाई!”

मी मैनीला पाण्याचा पेला दाखवून विचारलं, “येर?” तिनं मान हलवली, “हिल्ले.” नको. नाही. जीव नाही. मी पेला खाली ठेवला. त्या माणसानं सुनेच्या जिवाच्या भीतीनं, आपल्या बोलीत, तीनदा ‘नाही’ म्हटलं होतं आणि मी तीनदा ‘ढकला’ म्हणून सांगितलं होतं.

मैनीचा नवरा आणि तिघंजण तिला बाजेवर घालून दवाखान्याच्या वाटेला लागले. आम्ही जो रस्ता करत होतो, त्याच अर्धवट रस्त्यानं, तोल सांभाळत. चैतूभाऊलाही जायचं होतं, पण गुरुजींनी त्याला थांबवून घेतलं. उन्हं कलायला लागली होती. मोहाच्या झाडाखाली एका बाजूला आमची पोरं, दुसऱ्या बाजूला गाव, आणि मधे मी. बोलणं माझ्यामार्फत व्हायचं होतं ना! आजही शाळेच्या आठवणी निघाल्या की लोक मला विचारतात, पहिल्यांदा वर्गावर उभं राहिलात तेव्हा भीती वाटली का? मी हसते. त्या झाडाखाली उभं राहिल्यावर मग कसल्या वर्गाची भीती वाटणार?

गुरुजी म्हणाले, “चैतूभाऊ, तुमच्या सुनेचं झालं त्याचं आम्हाला दुःख आहे. पण तुम्ही इशारा चुकीचा काऊन दिला? वर सरकारात कळवावं लागेल मला.”

चैतूभाऊला ‘चुकीचा’ कळलं असावं. तो आपल्या बाजारच्या मराठीत म्हणाला, “मी नाई म्हनलो. तीन बार नाई म्हनलो.”

“खोटं बोलते!” नारायण उसळला. “पोरीनं वर सगळ्याइले सांगतलं. हिल्ले म्हणे. इनं आपल्या कानानं आयकलं. मोहाची मारून आला असन सकाळी, दुसरं काय!”

पोरांनी माना डोलावल्या. चैतूभाऊला दारूचं कळलं. तो उठून उभा राहिला. एक म्हातारा हळूच कुऱ्हाडीच्या दांड्याकडं हात सरकवून बसला, आणि मला आमच्या दहा पोरांच्या, काकूच्या, सगळ्यांच्या जिवाची भीती वाटली. गुरुजी माझ्याकडं वळले. “सांग पोरी. तू मधे होतीस. तो काय म्हणाला?”

खरं सांगते, त्या क्षणी मला आधी मैनी दिसली नाही. बाबा दिसले. ट्रेनिंगची वही, निळी शाई, माझं सगळं पुढचं आयुष्य दिसलं. ‘हिल्ले म्हणाला’ एवढंच म्हटलं असतं तरी ते खोटं नव्हतं, आणि पुढं मला कोणी काही विचारलं नसतं. त्या झाडाखाली दोन्ही बाजूंचं जाणणारी मी एकटी होते. चैतूभाऊ माझ्याकडं पाहत होता. चार दिवस ज्या विश्वासानं ‘हव’ म्हणायचा, तसाच.

“हिल्ले म्हणाला,” मी म्हटलं.

“बघा!” नारायण म्हणाला.

“पण हिल्ले म्हणजे नाही,” मी म्हटलं. “यांच्या भाषेत हिल्ले म्हणजे नाही. तो नाही नाही म्हणत होता गुरुजी. मीच वर दगड हिल्ले म्हणून सांगितलं.”

“तुला हे केव्हा कळलं?”

“आज. मैनीचं बोट दाबलं तेव्हा.”

“आज?” गुरुजींचा आवाज एकदम लहान झाला. “आणि तुला गोंडी येते म्हणालीस ते?”

“मले गोंडी येत नाई,” मी म्हटलं आणि रडायला लागले. “पाच आकडे येते. मी खोटी बोलली. त्याले नाहीचा शब्द मी शिकवलाच नाई.”

नारायणनं सब्बल खाली टाकली, तिचा आवाज झाला. काकूनं डोक्यावर पदर ओढून तोंड फिरवलं. गुरुजी चैतूभाऊपुढं गेले आणि त्याच्या पायाला हात लावला. इतक्या मोठ्या माणसाला असं वाकताना मी तोवर पाहिलं नव्हतं. उठून ते माझ्याकडं न पाहताच म्हणाले, “सामान बांध. उद्या गाडी जाईल. तुझ्या वडिलांना मी पत्र लिहितो. दुसरा कोणी दुभाषा बघू.”

मी शिबिराच्या मांडवात जाऊन गाठोडं बांधायला घेतलं. दोन लुगडी, एक वही, मायनं दिलेला चिवडा. गाठ बसेना. तेवढ्यात बाहेर चैतूभाऊचा आवाज आला. तो गुरुजींशी बोलत होता, शब्द शोधत, अडखळत, पण एकेक शब्द मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

“गुरुजी, हे पोरगी ठेव. इले हिल्ले समजलं. दुसरी आनसीन, तं तिले शिकवाले कोनाचा पाय आनसीन?”

मी गाठोड्यावर हात ठेवून तशीच बसून राहिले. पुष्कळ वेळानं काकू आत आली, माझ्या हातातून गाठोडं काढून घेतलं आणि लुगडी पुन्हा दोरीवर टाकली. बाबांना पत्र गेलं नाही.

चैतूभाऊनं मला माफ केलं असं मी कधीच म्हणत नाही. तो तसं म्हणाला नव्हता. माझं ट्रेनिंग झालं, मला नोकरी लागली आणि पुढं मी त्याच भागात मागून बदली घेतली, तोवर गोंडी खरोखर यायला लागली होती. रस्ताही झाला होता, गाडी चढत होती. दर बाजाराच्या दिवशी शाळेच्या खिडकीतून मला मैनी दिसायची, डोक्यावर टोपली घेऊन त्या रस्त्यानं उतरणारी, एक पाऊल सरळ आणि एक वाकडं टाकत.